पोकळीची चाकरी

मराठी भाषेने पोकळीस कधी चांगले म्हटलेले नाही. बढाई पोकळ, डौल पोकळ, आणि बड्या घराचे वासेही पोकळच. तरीही तुंबडी लावणाऱ्या वैदूस पोकळीचे बळ पुस्तकावाचून ठाऊक होते. शिंगाचे रुंद तोंड दुखऱ्या जागी टेकवून टोकाच्या भोकातून आतील वारा त्याने ओढून घेतला, म्हणजे कातडी आपोआप वर फुगे आणि रक्त तेथे गोळा होई. (‘आपली तुंबडी भरणे’ ह्या वाक्प्रचारातील तुंबडी भिक्षेकऱ्याच्या भोपळ्याची, तिचा ह्या प्रामाणिक शिंगाशी संबंध जोडण्याचे कारण नाही.) प्रस्तुत लेख ह्या तुंबडीच्याच एका दूरच्या वंशजाविषयी आहे. जुन्या मोटारगाडीत वाऱ्याचे झरोके उघडणारी व मिटणारी जी लहानशी रबरी डबी असते, ती हा वंशज होय.

ही डबी बिघडली म्हणजे गाडीच्या मालकाची कशी त्रेधा होते, ते प्रथम सांगितले पाहिजे. वैशाखाचे दिवस आहेत, गाडी यवतमाळहून दारव्ह्याच्या वाटेवर आहे, काचा बंद आहेत. थंडाव्याचे यंत्र चालू आहे, पंखा फिरतो आहे, हवा गारही आहे. परंतु ती तोंडावर येण्याऐवजी सगळी समोरच्या काचेवर जाते. खुंटी ‘तोंडाकडे’ फिरवा की ‘पायांकडे’ फिरवा, वारा आपला काचेलाच कुरवाळीत बसतो. मालक म्हणतो, गॅस संपला असेल. सोबतचा म्हणतो, वायर तुटली असेल. पुष्कळदा दोन्ही तर्क खोटे ठरतात. खुंटीमागे अनेक जुन्या गाड्यांत विजेची मोटार नसतेच. तेथे असतात चुन्याच्या काडीएवढ्या बारीक नळ्या, आणि त्या नळ्यांतून वाहते ते ‘काहीच नाही’. ह्या काहीच-नाहीला कामास कसे लावले गेले, आणि ते हातचे निसटले म्हणजे यंत्राने कोणीकडे झुकावे हे माणसाने किती मोठी किंमत देऊन ठरविले, हा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास हा बिघाड शोधण्यास फारसा वेळ लागू नये.

पोकळी ओढते, असे आपण म्हणतो. पण ते खरे नव्हे. पोकळीला हात नाहीत. ढकलते ती बाहेरची हवा. इटलीतील टोरिचेल्लीने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने हे दाखविले, आणि १६४८ साली पास्कलच्या मेहुण्याने तीच नळी डोंगरावर नेली तेव्हा पारा खाली उतरला. म्हणजे वर हवेचे ओझे कमी, हे सिद्ध झाले. समुद्रसपाटीस हे ओझे पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर उंचीएवढे, अथवा पाण्याच्या सुमारे १० मीटर उंचीएवढे असते. ह्यामुळेच पाणी ओढून घेणारा पंप खोल विहिरीच्या काठावर ठेवून चालत नाही. तो विहिरीच्या पोटात, एखाद्या टप्प्यावर उतरवून बसवावा लागतो. वऱ्हाडातील शेतकऱ्यास हे गणित टोरिचेल्लीचे नाव न घेता पाठ असते. त्याचे पुढचे सूत्र असे, की पोकळी कितीही उत्तम केली तरी तिच्याकडून एका वातावरणाच्या दाबाहून अधिक काम मिळावयाचे नाही. तिचे बळ ठरीव आहे, आणि तिचे मरण कोठेही पडलेल्या एका भोकात आहे.

हे भोकाचे मरण प्रथम मोठ्या प्रमाणावर भोगले ते ब्रुनेल ह्या विख्यात इंग्रज स्थापत्यविशारदाने. नैर्ऋत्य इंग्लंडात त्याने रुळांच्या मधोमध एक नळ घातला, ठिकठिकाणी वाफेच्या पंपांनी त्यातील हवा उपसली, आणि नळातील दट्ट्यास गाडी जोडली. मागची हवा दट्ट्यास ढकली आणि गाडी एंजिनावाचून, धुरावाचून धावे. पण दट्ट्या गाडीस जोडावयाचा म्हणजे नळास वरून लांबच लांब फट हवी, आणि ती फट झाकावयास चामड्याची पट्टी हवी. सारी युक्ती त्या चामड्यावर अवलंबून राहिली. चामडे उन्हात वाळले, थंडीत ताठरले. मैलोगणती लांबीच्या पट्टीतून हवा आत शिरू लागली, आणि पंपांना पळता भुई थोडी झाली. १८४७ च्या सप्टेंबरात सुरू झालेली ही रेल्वे १८४८ च्या सप्टेंबरात गुंडाळावी लागली. ब्रुनेलचे गणित चुकले नव्हते. चुकले ते सांध्याचे कातडे. आजच्या मोटारीतील झरोक्यांचा रोगही बहुधा हाच असतो.

पोकळीने गाडी ओढावी हा बेत फसला, तेव्हा पोकळीने गाडी थांबवावी असा विचार पुढे आला. एंजिनावर वाफेच्या झोताने हवा ओढून घेणारे एक साधन बसविले, सर्व डब्यांखालून एक नळ नेला, दोन डब्यांमध्ये रबरी नळी जोडली, आणि प्रत्येक डब्याखाली दट्ट्याचे एक सिलिंडर ठेवले. येथे एक प्रश्न उभा राहिला आणि तो दिसतो त्याहून फार मोठा होता. ब्रेक लागावयाचा केव्हा? नळात पोकळी केली म्हणजे, की पोकळी नाहीशी झाली म्हणजे?

प्रथम जो साधा ब्रेक आला तो पहिल्या तऱ्हेचा होता. चालकाने पोकळी केली की ब्रेक लागे, हवा सोडली की सुटे. स्वस्त आणि समजावयास सोपा. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडातील आर्मा गावाहून मुलामाणसांनी भरलेली सहलीची एक गाडी समुद्रकाठी निघाली होती. चढावर एंजिन दमले. तेव्हा गाडीचे दोन भाग करावे, पुढचा आधी वर न्यावा, असे ठरले. मधली नळी सोडताक्षणी मागच्या डब्यांतील पोकळी गेली, आणि तिच्याबरोबर त्यांचा ब्रेकही गेला. चाकांमागे दगड ठेवले होते. पण पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, त्याचा धक्का लागला, आणि ते डबे उतारावरून खाली धावत सुटून पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या गाड्यांना स्वयंचलित अखंड ब्रेक सक्तीचा केला. स्वयंचलित म्हणजे इतकेच, की पोकळी असेल तोवर ब्रेक सुटलेला राहील, आणि ती कोणत्याही कारणाने गेली, नळी तुटली, डबा सुटला, उतारूने साखळी ओढली, तर ब्रेक आपोआप लागेल. युक्ती एका गोळीवजा पडद्यात होती. दट्ट्याच्या वरच्या बाजूची पोकळी ती कोंडून ठेवी, आणि खालून हवा शिरली की दट्ट्या वर ढकलला जाई. १८ इंच व्यासाच्या सिलिंडरात नेहमीच्या सुमारे ५० सेंटिमीटर पोकळीवर हे ढकलणे हजार किलोहून अधिक भरते. म्हणजे बिघाडाचे फळ ‘गाडी थांबणे’ हे झाले. साधन तेच, हवा तीच. केवळ दिशा बदलली. मला तर वाटते, यंत्रशास्त्राच्या गेल्या दोन शतकांतील अनेक गाजलेल्या शोधांहून ह्या एका उलटापालटीने अधिक जीव वाचविले असतील.

हिंदुस्थानातील आगगाड्यांनी हाच निर्वात ब्रेक पतकरला आणि तो जवळजवळ शतकभर सांभाळला. दारव्ह्यास तो अरुंद रुळांवरून आला. किलिक निक्सन ह्या व्यापारी पेढीने वऱ्हाडातील कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी घातलेली यवतमाळ-मूर्तिजापूर ही अडीच फूट मापाची, ११३ किलोमीटरांची लाइन १९०३ साली सुरू झाली. मूर्तिजापूरहून अचलपूरचा भाग १९१३ च्या सुमारास जोडला गेला. लोकांनी तिला ‘शकुंतला’ असे गोड नाव दिले, आणि तिच्या वेगाकडे पाहता ते तपोवनातील शांततेस शोभणारेच होते. कापूस मूर्तिजापुरास मोठ्या गाडीत चढे, मुंबईस जाई, तेथून मँचेस्टरास; आणि मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले एक वाफेचे एंजिन उलट दिशेने येऊन ह्या लाइनीवर १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. त्यानंतर डिझेल एंजिन आले. देशातील बहुतेक रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या तरी ह्या लाइनीची मालकी कंपनीकडेच राहिली, ही तिची आणखी एक नवलाई. दारव्हा मोतीबाग हे तिच्यावरील जंक्शन. येथून एके काळी पुसदकडे फाटा फुटत असे, तो पुढे उखडला गेला.

भारतीय रेल्वेची अरुंद मापाची बहुतेक एंजिने, वाफेची काय किंवा डिझेलची काय, निर्वात ब्रेकाची. वाफेच्या एंजिनावर झोताने होणारी पोकळी डिझेल एंजिनावर पंप करू लागला एवढाच फरक. अशा गाडीत काटे दोन असतात: एक चालकापुढे, दुसरा अगदी शेवटी गार्डच्या डब्यात. नळ सगळीकडून घट्ट असेल तर दोन्ही काट्यांत थोडेच अंतर पडते. ते अंतर वाढले की कोठेतरी हवा शिरते आहे हे ठरले. मग गाडीच्या कडेने कान देऊन चालत जावयाचे. फुस्स असा बारीक आवाज जेथे येतो तेथे रबरी नळीचे वायसर झिजलेले असावयाचे, किंवा सिलिंडराचा रबर फाटलेला असावयाचा, किंवा शेवटच्या नळीचे तोंड बुचाने नीट मिटलेले नसावयाचे. आवाज न सापडला तर गाडी मधून तोडून पाहावयाची: पुढचा अर्धा भाग पोकळी धरतो काय? धरीत असेल तर चोर मागच्या अर्ध्यात. मग त्याचेही दोन भाग. हा परीक्षेचा क्रम कोण्या एका पुस्तकातून आलेला नाही. गळती शोधण्याचा दुसरा शहाणा मार्गच नाही.

आता मोटारीकडे वळू. पेट्रोलच्या एंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. ती अर्धवट मिटलेली असताना दट्ट्ये हवा ओढावयास पाहतात, ती पुरेशी मिळत नाही, म्हणून आतल्या नळात आपोआप पोकळी तयार होते. गाडी उभी राहून एंजिन संथ चालत असेल तेव्हा ती ४५ ते ५५ सेंटिमीटरपर्यंत असते, म्हणजे आगगाडीच्या ब्रेकाएवढीच. फुकट मिळणारी ही शक्ती वाया का घालवावी? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिने मागच्या टाकीतील पेट्रोल वर आणले, काचेवरील पाणी पुसले, ब्रेकावरील पायास जोर दिला. काच पुसण्याचे काम तिने वाईट केले. चढावर चालकाने पाय दाबला की झडप उघडे, पोकळी ओसरे, आणि भर पावसात, ऐन घाटात काचेवरचे फडके दमून मध्येच थबके. ही खोड काढण्यासाठी पुढे पोकळी साठविण्याची एक लहान कुपी आणि तिच्या तोंडाशी एकाच दिशेने वाट देणारी झडप घालू लागले. म्हणजे एंजिनाकडची पोकळी ओसरली तरी कुपीतील टिकून राही.

अमेरिकन गाड्यांत १९६० नंतर, गारवा आणि ऊब दोन्ही देणारी यंत्रे सर्रास होऊ लागली, तेव्हा वाऱ्याची वाट बदलण्याचे कामही ह्या पोकळीकडेच आले. विजेच्या लहान मोटारीपेक्षा स्प्रिंग आणि रबरी पडदा असलेली डबी स्वस्त पडे, आणि ठिणगीचे भय नसे. ५ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावरही हवा दहा किलोहून अधिक जोराने रेटते. वाऱ्याची पत्र्याची झडप हलविण्यास तेवढे पुरून उरते. खुंटी फिरवली की तिच्या मागची चकती कोणत्या नळीस पोकळी द्यावयाची ते ठरविते. जर्मनीच्या मर्सिडीझनेही हीच पद्धत दीर्घकाळ ठेवली; आणि १९९५ साली पुण्यात ह्या कंपनीच्या गाड्यांची जुळवणी सुरू झाली ती ज्या ‘डब्ल्यू १२४’ नमुन्यापासून, त्याच्या डॅशबोर्डामागेही अशाच डब्या होत्या. महाराष्ट्रात जुळवलेल्या यंत्रांत पोकळीची चाकरी रेल्वेबाहेर कोठे इतकी बारकाईने झाली असेल तर ती येथे.

आता मघाच्या वैशाखातील गाडीचे कोडे उलगडते. अमेरिकन आणि तिच्या वळणाच्या गाड्यांत पोकळी गेली म्हणजे स्प्रिंगा झडपांना समोरच्या काचेकडे वळवितात. हे अपघाताने नव्हे. बर्फाच्या किंवा धुक्याच्या रात्री काच आंधळी झाली तर माणूस मरेल. तोंडावर गार वारा आला नाही तर तो फक्त घामाघूम होईल. म्हणून बिघाडाचे फळ ‘काच स्वच्छ’ असे ठरविले गेले. आर्माच्या अपघातानंतर आगगाडीने जो प्रश्न सोडविला तोच येथे, लहान आकारात. दारव्ह्याच्या उन्हाळ्यात तो निर्णय गैरसोयीचा वाटतो खरा, पण तो करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उत्तरेकडील हिवाळा होता.

ह्याच्या उलट उदाहरण मर्सिडीझच्याच १९७६ ते १९८५ ह्या काळातील ‘डब्ल्यू १२३’ डिझेल गाड्यांत आढळते, आणि ते मला फार बोधक वाटते. डिझेलला ती हवेची झडप नसते, म्हणून पोकळीसाठी वेगळा पंप लावावा लागतो. ह्या गाड्यांत त्या पंपाकडून ब्रेकास जोर, दारांची कुलुपे आणि झरोके तर चालतच, पण एंजिन बंद करण्याचे कामही पोकळीच करी. किल्ली काढली की इंधनपंपावरील डबीस पोकळी मिळे आणि इंधन थांबे. एखाद्या दाराच्या कुलुपाचा रबर फाटला आणि पोकळी पुरेनाशी झाली, तर किल्ली खिशात घालून मालक निघाला तरी एंजिन आपले चालूच! मग झाकण उघडून हाताने दांडी दाबावी लागे. पोकळी गेली म्हणजे एंजिन चालत राहावे हा निर्णयही विचार करूनच घेतलेला असणार, कारण रहदारीत नळी तुटून एंजिन अकस्मात मेले तर ते अधिक वाईट. पण बंद न होणारे एंजिन आणि दाराचे कुलूप ह्यांचा संबंध ज्यास ठाऊक नाही, त्याची काय दशा होत असेल!

तेव्हा शोध कोठून करावा? उगमापासून. प्रथम एंजिन संथ चालू ठेवून, त्याकडून आत जाणाऱ्या नळीचे तोंड काढून बोट लावावे. बोट ओढले जात नसेल तर झरोक्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेकदा नळी एंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन सांध्याशी चिरलेली असते, आणि अशा वेळी एंजिनही संथ चालताना डुलते, कारण नको ती हवा त्यात शिरत असते. त्यानंतर एकाच दिशेची झडप व कुपी पाहावी. वारा सपाट रस्त्यावर तोंडावर येतो पण चढावर काचेकडे पळतो आणि पाय उचलताच परततो, असे होत असेल तर दोष येथेच आहे. हीच ती जुन्या फडक्याची खोड. ह्याउलट चढउतारांचा काही परिणाम नाही आणि खुंटीच्या एकाच जागी डॅशबोर्डामागे फुस्स ऐकू येते, दुसऱ्या जागी थांबते, तर त्या जागेची नळी किंवा डबी फाटली आहे. कुठली, ते ठरविण्यास एक लहान हातपंप व काटा असला म्हणजे पुरे: डबीतून हवा ओढावी आणि काटा स्थिर राहतो की घसरतो ते पाहावे. पंप नसेल तर कारागीर नळी स्वच्छ पुसून तोंडाने ओढतात आणि टोकाला जीभ लावतात. डबी शाबूत असेल तर जीभ चिकटून राहते. वैदूच्या शिंगास ह्याहून निराळे तंत्र नव्हते.

फाटकी डबी सापडली तरी सुटका लगेच होतेच असे नाही. ‘डब्ल्यू १२४’ मध्ये मधल्या झरोक्यांतून वारा येईनासा होणे हे तिचे ओळखीचे दुखणे, आणि काही डब्यांपर्यंत पोहोचण्यास अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. चार बोटांच्या रबरासाठी एवढे खोलकाम करण्यास मालक सहसा राजी होत नाही. मग पुष्कळ ठिकाणी ती नळी बुचाने मिटून टाकतात, म्हणजे निदान बाकीच्या झरोक्यांची पोकळी तरी वाचते. हा उपाय लज्जास्पद मानण्याचे कारण नाही. आगगाडीतही बिघडलेल्या डब्याचे सिलिंडर तोडून ठेवून गाडी पुढे नेण्याची रीत होती. फक्त ब्रेकाकडे जाणाऱ्या नळीशी असा खेळ करू नये. ती फाटली तर ती बदललीच पाहिजे.

नव्या मोटारींत झरोके विजेच्या बारीक मोटारींनी चालतात आणि त्यांच्या बिघाडाची बातमी पडद्यावर येते. आगगाड्यांनीही पोकळी सोडली. एका वातावरणाची मर्यादा ओलांडता येत नसल्याने लांब व जड गाड्यांना ती अपुरी पडू लागली, आणि १९८० नंतर भारतीय रेल्वे दाबलेल्या हवेच्या ब्रेकाकडे वळली. दारव्ह्याची शकुंतला चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात थांबली. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मोठ्या मापाचा मार्ग बांधला जात आहे; त्याचा वर्धा ते कळंब हा भाग २०२४ साली सुरू झाला, आणि आखणीप्रमाणे तो दारव्ह्यावरून दिग्रस-पुसदकडे जावयाचा आहे. त्यावरील डब्यांखालून जो नळ जाईल त्यात पोकळी नसेल. दर चौरस सेंटिमीटरास सुमारे ५ किलो दाबाची हवा असेल. नळी तुटली तर पूर्वी बाहेरची हवा आत शिरे, आता आतली बाहेर पडेल. आणि गाडी पूर्वीसारखीच थांबेल.